मॉडेल बोटीला फायबरग्लासचं कवच चढवताना

लाकडी पट्ट्या जोडून केलेली माझी पहिली बोट दिंडोरीजवळ मामांच्या शेततळ्यात सोडली तेव्हा झकास चालली. पुढच्या रविवारी तीच बोट वीस मिनिटांत पुढून जड व्हायला लागली. घरी आणून उजेडात धरली तर दोन पट्ट्यांच्या सांध्यावर केसासारखी भेग दिसली. आठवडाभर ती गॅलरीत उन्हात पडून होती. लाकूड आकसलं, पाण्यात गेल्यावर फुगलं आणि वरचा रंग नेमका सांध्यावर फाटला. रंग कितीही भारी लावला तरी लाकडाचं हे हलणं थांबत नाही. त्यासाठी काचेच्या धाग्यांचं कापड आणि रेझिन, म्हणजे ते लाकडावर धरून कडक होणारं चिकट द्रव, लागतं.

त्यानंतर चार बोटींना कापड चढवलं. पहिल्या दोन बोटी कवचाने मजबूत झाल्या, पण इतक्या जड की पाण्यात खोल बसून चालायच्या. तुमची पहिलीच बोट हलकी आणि घट्ट व्हावी म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. उदाहरणाला ८० सेंटीमीटर लांब, २० सेंटीमीटर रुंद अशी पट्ट्यांची बोट धरली आहे.

१. आधी वजनाचा हिशेब करा

ताकद कापडात असते. रेझिनचं काम कापडाचे धागे एकमेकांना आणि लाकडाला धरून ठेवण्याचं. त्याहून जास्त पडलेलं रेझिन वजन वाढवतं आणि ठिसूळही असतं. हे एकदा मनात बसलं की पुढच्या बऱ्याच पायऱ्या आपोआप कळतात.

शिवणाच्या टेपने बोटीच्या मध्यावर एका काठापासून तळाखालून दुसऱ्या काठापर्यंत मोजा. माझ्या बोटीत ते ३२ सेंटीमीटर भरतं. लांबीने गुणलं तर २,५६० चौरस सेंटीमीटर, पण दोन्ही टोकं निमुळती असल्यामुळे प्रत्यक्षात २,००० च्या आसपास, म्हणजे ०.२ चौरस मीटर.

कापडाची जाडी दुकानात ‘जीएसएम’मध्ये सांगतात, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. ५० जीएसएमचं कापड या बोटीला १० ग्रॅम लागतं. ते भिजवायला रेझिन साधारण तेवढंच, नवखा हात असेल तर दीडपट. लाकडाला आधी पाजायचं आणि शेवटी कापडाच्या विणीतल्या खाचा भरायचं रेझिन धरलं तरी सगळं मिळून ५०-६० ग्रॅममध्ये काम होतं. आता तेच ३०० जीएसएमच्या मॅटने, म्हणजे न विणता तुकडे केलेल्या धाग्यांच्या चादरीने, केलं तर नुसती मॅटच ६० ग्रॅम, आणि मॅट स्वतःच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट रेझिन पिते. २०० ग्रॅम तिथेच झाले. माझ्या पहिल्या दोन बोटी याच हिशेबाने बुडल्या होत्या असं म्हणायला हरकत नाही.

२. कोणतं रेझिन, कोणतं कापड

बाजारात दोन जातीचं रेझिन मिळतं. पॉलिस्टर स्वस्त, उग्र वासाचं. पाण्याच्या टाक्या, पत्रे, गाड्यांचे बंपर त्याचेच. दुसरं इपॉक्सी, महाग, पण लाकडाला जास्त चिकटतं आणि वाळताना जवळजवळ आकसत नाही. मॉडेलला लागणारं प्रमाण इतकं कमी आहे की पैशांचा फरक सोसण्यासारखा आहे. इपॉक्सीच घ्या.

मी मात्र पहिल्यांदा एका दुकानात ‘फायबरचं सामान द्या’ एवढंच सांगितलं. मिळालं पॉलिस्टर आणि तुकडे केलेल्या धाग्यांची मॅट. दुकानदार म्हणाला, ‘एकच असतं हो सगळं.’ घरी बोटीच्या आत तरंगण्यासाठी बसवलेल्या थर्माकोलवर ते रेझिन ठिबकलं आणि थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळून खड्डा पडला. पॉलिस्टरमधलं स्टायरीन थर्माकोल खातं. इपॉक्सी खात नाही. म्हणून दुकानात तीन गोष्टी स्पष्ट सांगा: इपॉक्सी रेझिन हवं, त्याच्याच जोडीचं हार्डनर (रेझिन कडक करणारं दुसरं द्रव) हवं, आणि मॅट नको, विणलेलं कापड हवं.

आपल्याकडे एलवाय ५५६ रेझिन आणि एचवाय ९५१ हार्डनर ही जोडी सहज मिळते. ती चालते, पण मधासारखी घट्ट आहे, त्यामुळे पातळ कापडात मुरायला वेळ घेते. पातळ लॅमिनेटिंग इपॉक्सी मिळालं तर काम सोपं जातं. नाशिकला सातपूर-अंबडच्या औद्योगिक भागात एफआरपीची, म्हणजे फायबरग्लासची, कामं करणाऱ्यांकडे चौकशी केली तर रेझिन कुठून आणायचं ते कळतं. २५ ते ५० जीएसएमचं बारीक कापड मात्र त्यांच्याकडे क्वचितच असतं, त्यांची कामं जाड कापडाची. ते मी ऑनलाइन मागवतो. कापड घडी घालून पाठवू नका, नळीवर गुंडाळून पाठवा असं आवर्जून सांगा. घडीची रेघ शेवटपर्यंत जात नाही.

पॉलिस्टरच वापरायची वेळ आली तर एक धोका पक्का लक्षात ठेवा. ते कडक व्हावं म्हणून त्यात कोबाल्ट अॅक्सिलरेटर आणि एमईकेपी कॅटॅलिस्ट असे दोन पदार्थ पडतात. हे दोन एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग कॅटॅलिस्ट. एमईकेपीचा एक थेंब डोळ्यात गेला तरी दृष्टीला कायमची इजा होऊ शकते, म्हणून गॉगल घातल्याशिवाय बाटली उघडू नका.

३. सामानाची यादी

- इपॉक्सी रेझिन आणि त्याचं हार्डनर
- विणलेलं काचेचं कापड: बाहेरून ५० जीएसएम, आतल्या पट्ट्यांसाठी १६० जीएसएम
- ०.१ ग्रॅम किंवा त्याहून बारीक दाखवणारा डिजिटल काटा
- कागदी किंवा प्लॅस्टिकचे छोटे कप, आइसक्रीमच्या काड्या
- एक इंची स्वस्त ब्रश दोन-तीन, जुनं एटीएम कार्ड
- पॉलिश पेपर १२०, २२० नंबरचा. वॉटर पेपर ४०० नंबरचा
- शंखजिरे (टाल्क पावडर, बिनवासाची) किंवा चाळलेला बारीक लाकडी भुसा
- नायट्राइलचे हातमोजे, एन९५ मास्क, गॉगल, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट
- धारदार कात्री, नवीन ब्लेड, मास्किंग टेप, जुनी वर्तमानपत्रं

हातमोज्यांत कंजुषी करू नका. इपॉक्सी पुन्हा पुन्हा अंगाला लागलं की काहींना अॅलर्जी होते आणि ती आयुष्यभर राहते. हाताला लागलंच तर साबण-पाण्याने धुवा. थिनरने पुसलं तर ते कातडीत आणखी मुरतं.

४. दिवस आणि वेळ निवडा

माझ्या अनुभवात नवख्यांचं काम सर्वांत जास्त बिघडतं ते इथे, आणि याबद्दल कुणी सांगत नाही.

लाकडाच्या छिद्रांत हवा असते. तापमान चढत असताना ती फुगते आणि बाहेर पडते. सकाळी आठला रेझिन लावलं की दुपारपर्यंत गॅलरी तापते आणि लाकूड ओल्या रेझिनमध्ये बुडबुडे सोडत बसतं. कापडाखाली मोहरीएवढे पांढरे फुगे दिसतात. दाबले तर सरकतात, फोडले तर पुन्हा येतात. हेच काम तापमान उतरत असताना केलं तर आतली हवा आकसते आणि रेझिन आत ओढून घेते. म्हणून सुरुवात संध्याकाळी करा. मी पाचच्या सुमाराला करतो, एप्रिल-मेमध्ये दिवे लागल्यावर. बोट त्याआधी दोन-तीन तास त्याच खोलीत असू द्या.

उन्हाळ्यात दुसरी अडचण येते. डब्यावर मिश्रण टिकण्याची जी वेळ लिहिलेली असते ती साधारण २५ अंशांची. दहा अंश वाढले की ती निम्म्यावर येते. नाशिकच्या मे महिन्यातल्या दुपारी अर्ध्या तासाचं मिश्रण हातात असतानाच घट्ट होतं. उलट डिसेंबर-जानेवारीत, निफाडचा पारा एक आकडी झाला अशी बातमी येते त्या दिवसांत, रेझिन रात्रभर चिकटच राहतं. थंडीत काम करायचं झालं तर रेझिनची बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात पंधरा मिनिटं ठेवा, बाटलीत पाणी जाऊ देऊ नका, आणि बोट आतल्या खोलीत ठेवा.

पावसाळ्यात मी हे काम करतच नाही. लाकूड दमट असतं आणि हवेतल्या ओलाव्याने इपॉक्सीवर मेणचट थर येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च हे महिने उत्तम.

५. लाकूड तयार करा

आधी १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. सांध्यातले खळगे रेझिन आणि भुशाच्या लगद्याने भरून सपाट करा. तळाच्या कडा, कण्याची (तळाच्या मधोमध लांबीने जाणाऱ्या पट्टीची) धार, मागच्या फळीचे कोपरे, सगळ्या धारा ३ मिलिमीटरच्या गोलाईने मोडा. काचेचा धागा काटकोनात वळत नाही, धारेवर तो उचलतो आणि खाली हवा राहते. साग वापरला असेल तर त्याचं तेल थिनरच्या फडक्याने पुसून पूर्ण उडू द्या. त्यानंतर बोटीला मोकळ्या हाताने शिवू नका.

आता लाकडाला एक पातळ हात रेझिनचा पाजा. हा हात वगळला तर कोरडं लाकूड वरच्या कापडातलं रेझिन शोषून घेतं. दुसऱ्या दिवशी २२० ने हलकं घासून उभी राहिलेली कुसळं काढा आणि धूळ पुसा.

६. कापड कोरडंच बसवून बघा

बोट उपडी करून दोन पुस्तकांच्या गठ्ठ्यांवर टेकवा. कापड वरून सोडा, चारी बाजूंनी ४-५ सेंटीमीटर लोंबू द्या. मध्यापासून टोकांकडे तळहाताने हळूच फिरवत न्या. सपाट तळावर ते चटकन बसेल, पुढच्या टोकाशी मात्र चुण्या पडतील.

शिवणकाम येणाऱ्यांना याचं उत्तर माहीत आहे: उरेब. उभे-आडवे धागे बोटीच्या लांबीला ४५ अंशांत येतील असं कापड तिरकं धरलं की ते ताणून गोलाईवर बसतं. ही युक्ती मला माझ्या आईने दाखवली. मी चुण्यांशी झटत होतो, तिने कापड उचललं, तिरकं केलं आणि ब्लाऊजच्या बाहीला लावावं तसं टोकावर बसवून दिलं. उरेब कापताना कापड जास्त लागतं, तेवढं धरून मागवा. टोकाशी अगदीच बसत नसेल तर मधोमध एक काप देऊन दोन्ही पदर १ सेंटीमीटर एकावर एक घ्या.

७. मोजा आणि ढवळा

एलवाय ५५६ ला एचवाय ९५१ वजनाने १०० ला १० लागतं. दुसरी जोडी असेल तर डब्यावरचं प्रमाण बघा आणि ते वजनाचं आहे की मापाचं तेही वाचा. हार्डनर रेझिनपेक्षा हलकं असतं, त्यामुळे वजनाचं प्रमाण चमच्याने मोजलं तर चुकतं.

आता २० ग्रॅम रेझिनला २ ग्रॅम हार्डनर हवं. स्वयंपाकघरातला काटा एक-एक ग्रॅम दाखवतो, म्हणजे अर्ध्या ग्रॅमची चूक त्याला कळतच नाही, आणि २ ग्रॅममध्ये अर्धा ग्रॅम म्हणजे २५ टक्के. असं मिश्रण कधीच पक्कं होत नाही, महिनाभराने हात लावला तरी चिकटतं, आणि मग सगळं खरवडून काढण्याखेरीज उपाय नसतो. बारीक काट्याचा खर्च इथेच वसूल होतो.

लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त टाकायची सवय पॉलिस्टरवाल्यांकडून येते. तिथे कॅटॅलिस्ट १ ते २ टक्क्यांच्या मधे खालीवर करून वेग बदलता येतो. इपॉक्सीत हार्डनर हा रेझिनचा बरोबरीचा जोडीदार आहे, जास्त झालेलं हार्डनर मऊ आणि मोकळंच राहतं.

पूर्ण दोन मिनिटं ढवळा. कपाच्या कडा आणि तळ काडीने खरवडून घ्या, न मिसळलेलं रेझिन तिथेच लपतं. एका वेळी २०-२५ ग्रॅमपेक्षा जास्त बनवू नका. कपात साचलेलं मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने तापतं, धूर सोडतं, कप वितळवतं. कप गरम लागला तर ते रेझिन बोटीवर वापरू नका. घराबाहेर मोकळ्यावर ठेवा, गार होऊन दगड झालं की मगच कचऱ्यात टाका. मोरीत किंवा गटारात ओतू नका, ते पुढे गोदावरीतच जातं.

८. कापड चढवा

कापड कोरडंच बोटीवर पसरलेलं राहू द्या. मध्यावर, कण्याच्या रेषेवर थोडं रेझिन ओता आणि एटीएम कार्ड आडवं धरून मधून काठाकडे, मधून टोकांकडे पसरवत न्या. ब्रश फक्त टोकांशी, तोही टेकवत. ओढला तर वीण सरकते.

कापड भिजताना बघण्यासारखं असतं. पांढरंशुभ्र कापड क्षणभर राखाडी होतं आणि मग नाहीसंच होतं, खालच्या लाकडाच्या रेषा काचेतून दिसाव्यात तशा वर येतात. कुठे चंदेरी-पांढरे ठिपके राहिले तर तिथे कापड तहानलेलं आहे, थेंबभर रेझिन देऊन पाच मिनिटं थांबा. घट्ट रेझिनला मुरायला वेळ द्यावा लागतो.

सगळं पारदर्शक झालं की खरं काम सुरू होतं, रेझिन काढण्याचं. कार्ड जरा झोपवून धरा, हलका दाब देऊन काठाकडे ओढा आणि प्रत्येक ओढीनंतर वर्तमानपत्रावर पुसा. दिवा बाजूने धरून बघा. काचेसारखी चमक दिसते तिथे रेझिन जास्त आहे आणि कापड त्यावर तरंगतं आहे. पुसट, मांजरपाटासारखी वीण दिसली की बरोबर. चमकदार बोट सोडून द्यायचा मोह होतो, मलाही व्हायचा. पण ती चमक म्हणजेच नको असलेले ४० ग्रॅम. कपात काढलेलं आणि कागदावर गेलेलं रेझिन वजा करून बोटीवर किती राहिलं ते नोंदवून ठेवा, पुढच्या बोटीला उपयोग होतो.

९. कडा कापा

वाळण्याच्या मधल्या टप्प्यावर, नख रुतत नाही पण दाबलं की रबरासारखं लागतं अशा वेळी, लोंबणारं कापड नव्या ब्लेडने काठाशी कापा. पापडाच्या ओल्या लाटीसारखं कापलं जातं. मला साधारण पाच-सहा तासांनी ही वेळ मिळते. सकाळपर्यंत थांबलात तर तेच कापड सुईसारख्या टोकांचं होतं आणि बोटं कापतं.

१०. वीण भरा, धुवा, घासा

विणीच्या खाचा भरून पृष्ठभाग सपाट व्हायला रेझिनचे दोन पातळ हात पुरतात. खालचा थर अजून चिकट असतानाच पुढचा दिला तर मधे घासावं लागत नाही, दोन्ही एकजीव होतात. पूर्ण वाळल्यावर दिलात तर आधी धुणं आणि घासणं आलंच.

धुणं म्हणजे साधं पाणी आणि भांड्यांचा हिरवा घासणीचा तुकडा. इपॉक्सीवर येणारा मेणचट थर पाण्याने निघतो. न धुता पॉलिश पेपर फिरवला तर तो थर सगळीकडे फासला जातो आणि रंग नंतर पापुद्र्याने सुटतो.

दोन-तीन दिवस वाळू द्या, मग ४०० च्या वॉटर पेपरने पाणी घेऊन घासा. ओलं घासलं की काचेची धूळ उडत नाही, तरी मास्क काढू नका. ५० जीएसएमचं कापड केसाएवढं पातळ असतं, घासताना जाळीची नक्षी उमटायला लागली की थांबा. अंगाला खाज सुटली तर गार पाण्याने धुवा, चोळू नका.

रंगासाठी गाड्यांना मारतात तो दोन घटकांचा प्रायमर आणि वर पीयू (पॉलियुरेथेन) रंग चांगला बसतो. रंग द्यायलाच हवा, उघडं इपॉक्सी उन्हाने पिवळं पडतं.

११. आतली बाजू

बाहेरून कवच आणि आतून उघडं लाकूड ठेवलं तर आतून शिरलेलं पाणी लाकडात कोंडून राहतं. आत सगळीकडे रेझिनचा एक पातळ हात द्या. कण्यावर, मोटरच्या बैठकीखाली, पंख्याची नळी आणि सुकाणूची नळी बाहेर पडते तिथे १६० जीएसएमच्या ३-४ सेंटीमीटर रुंद पट्ट्या लावा. आतल्या कोपऱ्यांत आधी रेझिन आणि शंखजिऱ्याचा श्रीखंडाएवढा घट्ट लगदा भरून बोटाने गोलाई द्या, मग पट्टी बसवा. फासळ्यांच्या मधे सगळीकडे जाड कापड लावण्याची गरज नाही. धक्का बसतो तो पुढच्या टोकाला आणि तळाला.

१२. पाण्यात उतरवण्याआधी

पहिली चाचणी घरीच घ्या. पार्किंगमध्ये किंवा गच्चीवर विटांचा एक मीटर लांबीचा चौकोन रचा, त्यावर ताडपत्री टाका, वीतभर पाणी भरा.

नंतर कुठे चालवायची हा प्रश्न येतोच. शहरातल्या गोदापात्रात पाणवेलीत पंखा अडकतो. शेततळं उत्तम, पण त्याच्या उतारावरचा प्लॅस्टिकचा कागद ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही. चांगले पोहणारेही त्यातून बाहेर येऊ शकलेले नाहीत. एकट्याने जाऊ नका, काठावर दोर बांधून ठेवा, लहान मुलांना कडेला उभं करू नका. बोट मधे बंद पडली तर पाण्यात उतरू नका. मासेमारीच्या तंगूसला टेनिसचा चेंडू बांधून बोटीपलीकडे फेका आणि दोरा ओढत तिला काठाला आणा.

ताडपत्रीच्या हौदात बोट सोडताना प्लॅस्टिकच्या पिशव्यांत वाळू भरून ती खऱ्या वजनाएवढी बसू द्या. आत तळाशी, कण्याच्या दोन्ही बाजूंना आणि नळ्यांपाशी वर्तमानपत्राच्या पट्ट्या पसरा. अर्धा तास थांबा. कागद लगेच डाग दाखवतो, थेंबभर ओलही लपत नाही. डाग दिसला तिथे पेन्सिलने गोल करा, बोट दोन दिवस पूर्ण वाळवा, तेवढाच भाग घासून रेझिन आणि कापडाचा छोटा तुकडा लावा आणि पुन्हा हौदात सोडा. माझ्या चौथ्या बोटीला ही चाचणी तीनदा घ्यावी लागली, तिन्ही वेळा डाग पंख्याच्या नळीपाशीच होता.